चायनाचं ड्रिल, १२८ व्होल्टची बॅटरी आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात चार इंची ग्राइंडर वापरताना गार्ड का काढू नये यावर लिहिलं होतं. त्यावर भरपूर मेसेज आले, पण गार्डबद्दल विचारणारे थोडेच, बाकी सगळे चायना मालावरच घसरलेत. म्हटलं ठीक आहे, या वेळी सगळी जागा त्यालाच देऊ. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, नावं छापायची नाहीत असं बऱ्याच जणांनी सांगितलंय म्हणून फक्त गाव आणि धंदा देतोय.

नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात एकाच साइजचं इम्पॅक्ट ड्रिल एका दुकानात दीड हजाराला आणि दुसऱ्या दुकानात मोठ्या ब्रँडचं त्याच्या तिप्पट भावाला मिळतं. दोन्ही खोक्यांवर मेड इन चायना. मग वरचे पैसे नुसते नावाचेच ना?
– इंटिरिअरची कामं घेणारे वाचक, भांडुप

थोडे नावाचे असतातच, उगाच नाही कशाला म्हणू. पण सगळे नावाचे नसतात, आणि हे कळायला तिकडे माल बनतो कसा ते आधी बघावं लागेल.

आपण चायना चायना म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर एकच मोठा कारखाना येतो, तसं काही नाहीये. झेजियांग प्रांतात योंगकांग म्हणून शहर आहे, तिथे अख्खं गाव हार्डवेअरवर जगतं, थर्मास, लोखंडी दरवाजे, ड्रिल, ग्राइंडर सगळं तिथलंच, आणि छोटेमोठे पार्ट बनवणारे गल्लोगल्ली. यांगत्से नदी समुद्राला मिळते तिथे, शांघायच्या पलीकडच्या काठावर चिडोंग आहे, ते तर पॉवर टूलचंच गाव म्हणून ओळखलं जातं, डोंगचेंग कंपनी तिथली. सुझोऊला पॉझिटेक आहे, वर्क्स हा ब्रँड त्यांचा, आणि आपल्याकडे हल्ली प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात पिवळ्या आणि हिरवट डब्यांत दिसणारे इंगको आणि टोटल हे पण सुझोऊचेच. नानजिंगला चेरव्हॉन, पेट्रोलवाली शेव्हरॉन नव्हे, ही वेगळी. शिवाय बॉशचा हांगझोऊला आणि मकिताचा कुनशानला स्वतःचा कारखाना १९९०च्या दशकापासून आहे. म्हणजे जर्मन किंवा जपानी नावाच्या मशीनवर मेड इन चायना दिसलं म्हणून डुप्लिकेट म्हणून ओरडायचं कारण नाही.

आता भावाचं. योंगकांगच्या कारखानदाराला तुम्ही एक ड्रिल दाखवलं की तो पहिला प्रश्न विचारतो की तुम्हाला किती रुपयात पाहिजे, आणि त्या आकड्यात बसेल तसं मशीन बनवून देतो. बॉडी तीच, डब्यावरचा फोटो तोच, आतलं सगळं बदलतं. आर्मेचरची, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागाची, वाइंडिंग कॉपरची की ॲल्युमिनियमची, शाफ्टला दोन्ही टोकांना बॉल बेअरिंग की एका बाजूला नुसतं बुश, गिअर कापलेल्या स्टीलचा की पावडर दाबून भाजलेला, केबल किती जाड, स्वीच कुठला. यातलं एकही बाहेरून दिसत नाही.

दिसतं ते मशीन जळल्यावर. नागदेवीत रिपेअरवाल्याकडे अशी आर्मेचरं पायाखाली डब्यात पडलेली असतात, एक उचलून तारेवरचं वार्निश ब्लेडने खरवडून बघा. लाल निघालं तर कॉपर. पांढरं निघालं तर ॲल्युमिनियम. आणि एक तिसरा प्रकार असतो, वरून लाल आणि अजून खरवडलं की आत पांढरं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर कॉपरचा मुलामा. हा बघून खरंच हसावं की रडावं कळत नाही, कारण ग्राहकाने उघडून बघितलं तरी तो फसावा इतकी सोय त्यात केलेली आहे. ॲल्युमिनियमची तार त्याच जाडीला कॉपरपेक्षा जास्त तापते, मग दोनतीन भोकं पाडून ठेवून देणाऱ्या घरात ते ड्रिल वर्षानुवर्षं चालतं आणि तुमच्या साइटवर दिवसभर आरसीसीत भोकं पाडणारा माणूस त्याची महिन्याभरात राख करतो. म्हणून वजन हातात घेऊन बघा, कॉपरवालं जड लागतं. आणि दुकानदाराला सरळ विचारा की याचं आर्मेचर सुट्टं मिळतं का. मिळत असेल तर तो माल टिकणारा समजून कोणीतरी विकतोय.

अजून एक, डब्यावरचे वॅट बघून भुलू नका. ते मशीन किती वीज खातं त्याचे असतात, भोक पाडणाऱ्या बिटपर्यंत किती पोचतं त्याचे नाही. आणि स्वस्तातल्या डब्यावर तर तेही मनाला येईल ते छापलेलं.

ऑनलाइन १२८ व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल दोन बॅटऱ्यांसकट मागवलं. मित्राकडे नामांकित कंपनीचं १८ व्होल्टचं आहे आणि ते माझ्यापेक्षा जोरात चालतं. हे कसं काय?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, डोंबिवली

मित्रा, तुझी बॅटरीही १८ व्होल्टचीच आहे, फार तर. कदाचित त्याहून कमी.

बॅटरीखालचे चार स्क्रू काढ (चांदणीच्या आकाराचा बिट लागेल) आणि आत काय आहे ते नुसतं बघ, हात लावू नकोस, पट्टीला स्क्रूड्रायव्हर टेकला तर ठिणगी उडेल. आत पेन्सिल सेलपेक्षा जाडे असे गोल सेल दिसतील, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, म्हणूनच त्याला १८६५० म्हणतात. एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा. पाच सेल एकामागे एक जोडले की झाले १८. फुल चार्ज झाल्यावर एक सेल ४.२ पर्यंत जातो म्हणजे पाचांचे २१. आता बघ गंमत, तोच पाच सेलचा पॅक एक कंपनी १८ म्हणून विकते, दुसरी २० मॅक्स म्हणून, तिसरी २१ म्हणून, आणि इथपर्यंत कोणी खोटं बोलत नाहीये, जो तो आपल्या सोयीचा आकडा पकडतोय. त्यापुढचे ४८, ८८, १२८, १९८ हे आकडे मात्र निव्वळ थापा. कित्येकदा आकड्यापुढे व्हीएफ असं काहीतरी अक्षर लावलेलं असतं म्हणजे उद्या कोणी विचारलं तर आम्ही व्होल्ट म्हणालोच नव्हतो असं सांगता यावं! १२८ व्होल्ट खरंच हवे असतील तर पस्तीसेक सेल लागतील एकामागे एक, ती बॅटरी तुझ्या ड्रिलपेक्षा जड होईल.

काही पॅकमध्ये तर दहा सेलची जागा असते आणि पाचच भरलेले असतात. तुझ्यात किती निघतात ते कळव.

खरं माप पाहिजे तर व्होल्टला ॲम्पिअर-अवरने गुणायचं. १८ गुणिले ४ म्हणजे ७२ वॉट-अवर, एवढी वीज त्या डब्यात. आणि सेल कुठल्या जातीचा हे बघायचं. टॉर्च, पॉवर बँकेतला सेल हळूहळू करंट सोडतो, ड्रिलला एकदम जोराचा झटका लागतो, स्वस्त पॅकमध्ये पहिल्या जातीचा सेल घालतात आणि मग स्क्रू अर्ध्यात गेला की मशीन मान टाकतं. एके काळी चांगला जोरदार सेल म्हणजे जपानी नाहीतर कोरियन, सोनी, सॅमसंग, एलजी, दुसरा पर्याय नव्हता. आता ईव्ह, टेनपॉवर, बॅक अशा चिनी कंपन्या त्या तोडीचे सेल करतात आणि मोठमोठे ब्रँड ते घेतात. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत या धंद्यात झालेला सगळ्यात मोठा बदल हाच आहे, बाकी रंग आणि डबे बदलत राहतात. मोटर आधीच तिकडची होती, मॅग्नेट तिकडचे, सेलपण तिकडचे झाल्यावर अख्खं कॉर्डलेस ड्रिल एकाच देशात सुरुवातीपासून शेवटपर्यंत तयार व्हायला लागलं.

तुझ्यासाठी कामाची गोष्ट म्हणजे अशा लिथियम बॅटरीवर आणि तिच्या चार्जरच्या ॲडॅप्टरवर आपल्याकडे बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे, आर ने सुरू होणारा नंबर छापलेला असतो. तुझ्या बॅटरीवर नसेल तर ती रात्री चार्जिंगला लावून झोपू नकोस एवढं नक्की कर.

अमेरिकेने चायनावर एवढी ड्युटी लावली, मग तो सगळा माल आता आपल्याकडे कवडीमोल भावात येऊन पडणार आणि आपले कारखाने बसणार, की उलट आपल्याला संधी आहे? टीव्हीवर दोन्ही ऐकलं.
– निवृत्त बँक कर्मचारी, दादर

काका, टीव्हीवर दोन्ही ऐकू येणारच, त्यांना दोन्ही बाजूंची माणसं बसवायची असतात.

आधी ही गोष्ट २०२५ची नाही, २०१८ची आहे. अमेरिकेने चिनी मालावर जादा ड्युटी लावायला तेव्हा सुरुवात केली आणि तेव्हापासूनच मोठ्या कंपन्यांनी बाहेर पाय ठेवायला घेतला. हाँगकाँगची टेकट्रॉनिक घ्या, १९८५ साली सुरू झाली ती दुसऱ्यांच्या नावाने माल बनवून द्यायला, मग २००५ मध्ये त्यांनी मिलवॉकी ही अमेरिकन कंपनीच विकत घेतली. तिचा मोठा पसारा ग्वांगडोंगमधल्या डोंगगुआनला, आणि आता व्हिएतनाम, मेक्सिकोतही कारखाने. नानजिंगच्या चेरव्हॉनचंही तेच, १९९३ची कंपनी, व्हिएतनाममध्ये माल काढते. एप्रिल २०२५ मध्ये नवी ड्युटी चढत चढत १४५ टक्क्यांवर गेली, मे मध्ये ३० वर आली, ऑगस्टअखेर आपल्यावरच ५० टक्के बसले, नंतरही आकडे वरखाली चालूच. एवढ्या गडबडीत कोणीही एका देशावर अवलंबून कारखाना टाकणार नाही हे तुम्हाला बँकेतल्या माणसाला मी काय सांगू.

आता डंपिंगचं. लोकांच्या लक्षात येत नाही ती साधी गोष्ट अशी की अमेरिकेसाठी बनलेलं वायरवालं मशीन १२० व्होल्टचं असतं. ते इथे २३० वर लावलं तर धूर निघेल. त्यामुळे तिकडचा पडून राहिलेला कंटेनर उचलून न्हावाशेवाला आणून टाकला असं वायरवाल्या मालात होत नाही. बॅटरीवाल्यात होऊ शकतं, तिथे फक्त चार्जर बदलायचा. म्हणजे भीती पूर्ण खोटी नाही, पण ती बॅटरीवाल्या मालापुरती.

खरा दबाव दुसऱ्याच बाजूने येतोय आणि तो ड्युटीच्या आधीपासून. कोविडमध्ये युरोप-अमेरिकेत घरी बसलेल्या लोकांनी ड्रिल, करवत, लॉनमोव्हर भरपूर घेतले, दुकानांनी डबल ऑर्डर टाकल्या, मग २०२२-२३ मध्ये गोडाऊन तुडुंब आणि नव्या ऑर्डरी बंद. तेव्हा चिनी कारखान्यांना समजलं की दुसऱ्याच्या नावाने माल काढून देण्यात मार्जिन बारीक आणि भरवसा शून्य. ज्यांच्याकडे स्वतःचं नाव होतं ते आफ्रिका, आखाती देश, आग्नेय आशिया, भारत असे पसरले. आपल्याकडे हे सोपं जातं कारण त्यांच्या देशात ज्या साइजचा ग्राइंडर चालतो, १०० मिलिमीटरचा, तोच इथे चालतो, मार्बल कटरही तोच ११०चा. युरोपला माल पाठवायचा तर ११५ किंवा १२५ची वेगळी लाइन लावावी लागते, आपल्यासाठी फक्त डबा आणि प्लग बदलतो. आणि जे आणखी वर चढले त्यांनी जुनी नावं विकत घेतली. फ्लेक्स ही जर्मन कंपनी, १९५४ साली हाय-स्पीड अँगल ग्राइंडर बाजारात आणणारी, ती २०१३ पासून चेरव्हॉनची आहे. स्किल हे नाव त्यांनी बॉशकडून घेतलं. म्हणजे उद्या तुम्ही चायना नको म्हणून जर्मन घ्यायला गेलात तरी पैसे नानजिंगला जाऊ शकतात.

आपल्या संधीबद्दल नीती आयोगाचा एप्रिल २०२५चा अहवाल आहे, तो वाचण्यासारखा आहे कारण त्यात गोडगोड कमी आहे. पॉवर टूलच्या जागतिक निर्यातीत चीनचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास, साधारण २२ अब्ज डॉलर. आपला ०.७ टक्के, साडेबेचाळीस कोटी डॉलर. आणि आपला खर्च त्यांच्यापेक्षा १४ ते १७ टक्के जास्त पडतो, कच्चा माल महाग, व्याज महाग, माल बंदरापर्यंत न्यायला महाग. हातोडी-पाना या हत्यारांत जालंधर, लुधियाना, नागौरची माणसं जुनी आहेत, ती बाहेर माल पाठवतातच. मोटरवाल्या मालात मात्र आपल्याकडे योंगकांग नाही. तिथला माणूस सकाळी मोटरचे पत्रे, दुपारी कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) आणि संध्याकाळी छापलेला डबा स्कूटरवरून गोळा करू शकतो, इथे तोच माणूस तीन राज्यांत फोन लावत बसेल. शिवाय त्यांना निर्यातीवर व्हॅट परत मिळतो, या मालावर १३ टक्के. हां, बॅटरीवरचा तो परतावा चीनने डिसेंबर २०२४ मध्ये १३ वरून ९ टक्क्यांवर आणला, आणि एप्रिल २०२५ पासून काही दुर्मिळ धातू आणि त्यांच्या मॅग्नेटवर निर्यातीचा परवानाही लावलाय. ब्रशलेस मोटरमध्ये मॅग्नेट लागतो. म्हणजे इथे असेंब्ली टाकली तरी मॅग्नेटसाठी तोंड तिकडेच करावं लागणार. संधी आहे का, तर आहे, पण ती कार्बन ब्रश, स्वीच, गिअर, आर्मेचर बनवणाऱ्या वसई-भिवंडीच्या गाळ्यांत आहे असं माझं मत. आख्खं ड्रिल बनवून झेंडा लावण्याची घाई कशाला.

स्वतःच्या नावाने कॉर्डलेस ड्रिल आणि ग्राइंडर मागवायचा विचार आहे. ओळखीच्या एकाने एजंट दिलाय, तो म्हणतो पैसे पाठवा, घरबसल्या कंटेनर येईल. करू का?
– हार्डवेअरचं दुकान, वसई

घरबसल्या काही येत नाही, आलंच तर टेन्शन येतं.

स्वतः एकदा जाऊन या. ग्वांगझोऊचा कँटन फेअर वर्षातून दोनदा असतो, एप्रिल आणि ऑक्टोबर, टूल्स पहिल्या टप्प्यात असतात. तिथून पुढे योंगकांगला कारखाना बघायला जा, कारण फेअरमध्ये स्टॉलवर बसलेला निम्म्या वेळा कारखानदार नसतोच, ट्रेडर असतो. ट्रेडर वाईट नाही, पण कोणाशी बोलतोय ते माहीत पाहिजे.

सॅम्पल पास केलं की त्याचे दोन नग दोघांच्या सह्या करून सील करा, एक तिकडे, एक तुमच्याकडे. आमच्या ओळखीतल्या एकाने हे केलं नव्हतं, सॅम्पलमध्ये कॉपर आणि कंटेनरमध्ये पांढरी तार निघाली, आणि भांडायला हातात पुरावा काही नाही. बहुतेक ठिकाणी ३० टक्के ॲडव्हान्स आणि बाकी माल चढल्यावर असं असतं, तर ती बाकी देण्याआधी तिथल्या तिथे इन्स्पेक्शन करून घ्या, त्यात चार मशीन फोडून बघायला सांगा. निंगबो बंदरातून जहाज सुटल्यावर तुमचं कोणी ऐकत नाही.

कागदांत फसतात ते बॅटरीत. आयईसी कोड (आयात-निर्यातीसाठी लागणारा नंबर) वगैरे सगळ्यांना माहीत असतं, पण लिथियम बॅटरी ही जहाजाच्या भाषेत धोकादायक माल आहे, तिचा वेगळा टेस्ट रिपोर्ट लागतो. इथे बीआयएस नंबर नसलेली बॅटरी कस्टममध्ये अडकते आणि रोज भाडं चढत जातं. डब्यावर इम्पोर्टर म्हणून तुमचं नाव-पत्ता, एमआरपी, कुठल्या देशाचा माल हे पाहिजे. बॅटरी आणि ई-कचऱ्याच्या २०२२च्या नियमांखाली तुम्ही उत्पादक धरले जाता, केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या पोर्टलवर रजिस्ट्रेशन करावं लागतं. हे एजंट सांगत नाही, कारण तो तोपर्यंत कमिशन घेऊन मोकळा झालेला असतो.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्या खेपेला बॅटरीला हात लावू नका. वायरवाला १०० एमएम ग्राइंडर आणि ११०चा कटर, दोनच आयटम, आणि त्यासोबत आर्मेचर, कार्बन, स्वीच, गिअर भरपूर. दुकानदार पुढच्या वेळी तुमचा माल ठेवतो की नाही ते स्पेअर मिळतंय का यावरच ठरतं. बॅटरी घ्यायचीच झाली तर हल्ली बरेच चिनी कारखाने मकिताच्या खाचेत बसेल अशी बॅटरी देतात, कारागिराकडे जुना पॅक असेल तर तो नुसतं मशीन घेतो. विकायला सोपं, पण पेटंट आणि नावाचा प्रश्न वकिलाला विचारून घ्या, डब्यावर त्या ब्रँडचं नाव तर चुकूनही नको.

तुम्ही या सदरातून चायना मालाची फुकट जाहिरात करता. स्वदेशीबद्दल एक ओळ नाही.
– नाव नाही, फक्त लालबाग एवढंच लिहिलंय

वरचं पांढऱ्या तारेचं आणि १२८ व्होल्टचं वाचून कोणाला ती जाहिरात वाटली तर माझा नाइलाज आहे. भारतात बनलेलं मशीन चांगलं असेल तर नाव कळवा, उघडून बघू, तार लाल असेल तर तसंही छापू.

घरात पडदे, फ्रेम, किचनचं शेल्फ एवढ्यासाठी ड्रिल घ्यायचंय. मिस्त्री एका भोकासाठी येतच नाही. काय घेऊ?
– गृहिणी, गिरगाव

ताई, बॅटरीवालं नको. महिनोनमहिने पडून राहणार आणि नेमकं गणपतीच्या आधी काढाल तेव्हा चार्ज नसणार. वायरवालं, १० किंवा १३ एमएम चकचं (बिट पकडणारं तोंड), हॅमरचं बटण असलेलं घ्या. चिनी असलं तरी चालेल, फक्त ज्याचं स्पेअर तुमच्या जवळच्या दुकानात मिळतं असं बघून, आणि पक्कं बिल घेऊन. वाचलेल्या पैशांत चांगले मेसनरी (भिंतीत भोक पाडायचे) बिट घ्या, बिट भिकार असेल तर महागडं मशीनसुद्धा नुसतं भिंत घासत बसतं. तुमची चाळ जुनी असेल तर भिंत विटा-चुन्याची असणार, तिथे आधी हॅमर बंद ठेवून सुरुवात करा नाहीतर प्लास्टरचा पोपडाच हातात येईल. आणि स्वीचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायर तिथूनच गेलेली असते.